मुहूर्ताच्या उजेडाबद्दल आम्हालाही विचारा

प्रति,
गोव्यातील देवस्थान समित्यांचे अध्यक्ष व पदाधिकारी, मंगल कार्यालयांचे व हॉलचे मालक आणि रिसॉर्टांमधील लग्नसमारंभ सांभाळणारे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी फोंड्याला राहते आणि लग्नांचे फोटो काढते. तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत आमचे दिवस तुमच्या छपराखाली, तुमच्या सभामंडपात, तुमच्या हिरवळीवर जातात. देवळाच्या आवारातला हॉल आणि समुद्रकाठचे रिसॉर्ट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही तुम्हा सगळ्यांना एकच पत्र लिहिते आहे. उजेड, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे तुमच्याच हातात असतात आणि फोटो बिघडले तर दोन्हीकडे जाब आम्हाला द्यावा लागतो.

मागणे थोडक्यात असे: लग्नस्थळाचे नियम, मांडवातले दिवे आणि दिवसाचे वेळापत्रक ठरवताना तिथे राबणाऱ्यांना एकदा विचारा, आणि जे ठरेल ते तारीख पक्की करतानाच घरच्यांना लेखी द्या.

आधी उजेडाचे बोलते. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते आणि ते टाळायला खर्च सगळ्यात कमी लागतो.

मंगलाष्टका संपत येतात. मामा नवरीच्या मागे उभा असतो, करवल्या कलश सांभाळत असतात, दोन्हीकडची माणसे मुठीत अक्षता घेऊन दाटीवाटीने उभी असतात. भटजींचे शेवटचे ‘सावधान’ होते, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो आणि दोघे एकमेकांकडे बघतात. दोन-तीन सेकंद, बस्स. पुढच्या क्षणी अक्षतांचा वर्षाव, टाळ्या, हार आणि सगळीकडून वर झालेले मोबाईल. त्या दोन-तीन सेकंदांसाठी घरच्यांनी आम्हाला बोलावलेले असते. त्याच वेळी स्टेजवर दिव्यांचे काय चालू असते ते एकदा समोर उभे राहून पाहा. मागच्या एलईडी वॉलवर फुलांची नक्षी फिरत असते. दोन्ही कोपऱ्यांतले पार लाईट जांभळा झोत टाकत असतात. छतातून पिवळे स्पॉट खाली येतात. बाजूचे दार उघडे असते आणि त्यातून भर दुपारचे पांढरे ऊन आत पडते. नवरीचा एक गाल जांभळा, दुसरा पिवळा, कपाळावर निळसर छटा. मुहूर्ताची पिवळी अष्टपुत्री जांभळ्या झोतात लालसर दिसते आणि निळ्या झोतात काळपट. आईने दुकाने पालथी घालून निवडलेला रंग फोटोत कुठेच राहत नाही.

हे नंतर कॉम्प्युटरवर सुधारता येत नाही का, असे तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे. पांढरा उजेड थोडा पिवळट किंवा थोडा निळसर असेल तर सुधारता येतो, कारण त्यात कमी-अधिक प्रमाणात सगळे रंग असतात. रंगीत एलईडीचे तसे नाही. निळा एलईडी निळ्या रंगाच्या अगदी अरुंद पट्ट्यातला प्रकाश टाकतो. त्वचेचा तांबूसपणा, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल दाखवायला लागणारा प्रकाश त्यात नसतोच, मग तो कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणार कुठून? जे टिपलेच गेले नाही ते मागाहून भरता येत नाही. नाइलाजाने असे फोटो कृष्णधवल करून द्यावे लागतात. काही घरांना ते आवडतातही, पण मुहूर्ताचे फोटो रंगाशिवाय हवेत असे त्यांनी होऊन कधी सांगितलेले नसते. फ्लॅश मारून चेहऱ्यापुरते भागते, पण मागची माणसे जांभळीच राहतात. आणि व्हिडिओवाल्याला तर फ्लॅशचा काहीच उपयोग नसतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची. स्वस्त ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) बसवलेले एलईडी त्या विजेवर सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होत राहतात. डिमर लावून उजेड कमी केला की बरेच दिवे प्रत्यक्षात फार वेगाने बंद-चालू होत असतात. माणसाला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि व्हिडिओत ते सरकत राहतात. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणला तर पट्टे बऱ्याचदा टळतात, पण मग अक्षता टाकणारे हात आणि हार घालायला पुढे झुकलेली नवरी पुसट येते. म्हणजे पट्टे सोसायचे की पुसटपणा, एवढीच निवड आमच्या हातात उरते.

यावर मी मागते ते फार नाही. स्टेजवर समोरून, थोडे वरून, दोन्ही बाजूंनी साधे पांढरे दिवे बसवा. सगळे एकाच जातीचे असू द्या, म्हणजे एक पिवळट आणि दुसरा निळसर असे होणार नाही. ड्रायव्हर चांगल्या प्रतीचा घ्या आणि या दिव्यांना डिमर लावू नका. त्यांचा स्विच रंगीत दिव्यांपासून वेगळा ठेवा, त्याच्यावर नाव लिहा आणि तो कुठे आहे हे हॉलवरच्या माणसाला सांगून ठेवा. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत पांढरे दिवे चालू आणि रंगीत बंद. संध्याकाळच्या रिसेप्शनला हवे तेवढे रंग खेळवा, तिथे ते शोभतात आणि आम्हीही ते आवडीने टिपतो. विधीच्या वेळी मात्र माणसाचा चेहरा माणसासारखा दिसला पाहिजे.

लेझर दिव्यांबद्दल वेगळे सांगावे लागेल. नाचाच्या वेळी फिरणारा लेझरचा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो. त्या जागी प्रत्येक फोटोवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटतो आणि सेन्सर बदलण्याचा खर्च परवडण्यासारखा नसतो. लेझर वापरायचाच असेल तर त्याचे तोंड माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवा. कॅमेऱ्याचे सोडा, समोर पाहुण्यांचे डोळे असतात.

आता जागा. अलीकडे स्टेजची सजावट इतकी पुढे येते की विधीला उरणारी खोली एका सतरंजीपुरती असते. तिथे होमकुंड, भटजी, नवरा-नवरी, दोन्हीकडचे आई-वडील, मामा आणि आम्ही. स्टेजच्या दोन्ही अंगांना एक माणूस अडथळ्याशिवाय जाऊ शकेल एवढी वाट मोकळी ठेवायला डेकोरेटरला सांगा. ती वाट नसली की आम्ही भटजींच्या खांद्यावरून वाकतो, पाहुण्यांच्या समोर येतो, आणि मग सगळ्यांना वाटते की फोटोवाल्यांनी लग्न अडवले. त्यांचा राग रास्त असतो. पहिल्या रांगेत बसलेल्या आजीला नातीचे लग्न बघायचे असते, माझी पाठ बघायची नसते.

देवस्थान समित्यांशी थोडे अधिक बोलायचे आहे. मी त्याच परिसरात वाढले आणि तिथले काम मला सगळ्यात प्रिय आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश, वेर्ण्याहून म्हाळसा, केळोशीहून शांतादुर्गा आमच्या फोंडा भागात आली. आज मुंबईला, बेळगावला, कारवारला राहणारी घरे मुलांची लग्ने कुलदेवतेच्या पायाशी लावायला इथे येतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, सगळी ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. बाहेरगावहून आलेल्या या माणसांना अल्बमात देऊळ हवे असते: दीपस्तंभ, तळी, अग्रशाळेचा (देवळाच्या यात्रीनिवासाचा) सोपा, तुळशीवृंदावनाशी टेकलेली आजी. मुहूर्त लागल्यावर जोडपे देवाच्या पाया पडायला जाते, तो फोटो पुढे पिढ्यानपिढ्या घराच्या भिंतीवर राहतो.

आणि नेमकी इथेच दर वेळी धाकधूक. गर्भगृहात कॅमेरा नको, हे आम्हाला मान्य आहे. तो नियम मोडणाऱ्याला आवारात घेऊच नका, असे मीही म्हणेन. पण सभामंडपात चालेल का? चौकात ट्रायपॉड ठेवता येईल का? जोडप्याबरोबर उंबऱ्यापर्यंत जाता येईल का? याची उत्तरे देवळागणिक वेगळी असतात. एवढ्याने बिघडत नाही, पण एकाच देवळात ती माणसागणिक बदलतात. सकाळच्या पाळीतला सेवेकरी हो म्हणतो, तासाभराने दुसरा येऊन सांगतो, “बाये, हांगा रावूं नाका.” (बाई, इथे थांबू नका.) त्याची चूक नसते, त्यालाही कोणी लिहून दिलेले नसते. दुपारच्या महाआरतीची वेळ आणि मुहूर्ताची वेळ एकमेकांत अडकली की आणखी गोंधळ होतो. दर्शनाला भाविकांची रांग, तिच्यात शालू नेसलेली नवरी, मागे वऱ्हाड, आणि कोणी कोणाला थांबवायचे हे ठरलेले नाही. 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, समिती देवळांचा कारभार बघते. तुमच्या एका बैठकीत हे ठरू शकते. कॅमेरा कुठपर्यंत, किती वेळ, आरती केव्हा, एका दिवशी आणखी किती लग्ने आहेत, एवढे अर्ध्या पानावर छापून हॉलच्या पावतीला जोडा. नियम कडक असला तरी चालेल, तो आधी कळायला हवा.

चर्चमधल्या लग्नांचा अनुभव म्हणून सांगते. तिथे पाद्री आम्हाला मिस्सेच्या (लग्नाच्या प्रार्थनाविधीच्या) आधीच बोलावतात. वेदीच्या किती जवळ यायचे, कोणत्या बाजूला थांबायचे, फ्लॅश कधी अजिबात मारायचा नाही, सगळे सांगतात. त्यांचे नियम हॉलपेक्षा कितीतरी कडक असतात, तरी तिथे काम करताना मन शांत असते. अंगठ्या घालतानाचा फोटो कुठून मिळेल हे मला आदल्या दिवशीच माहीत असते.

आता रिसॉर्टांकडे वळते, आणि इथे मला रागही आहे.

सासष्टीच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात डिचोलीच्या एका घरचे लग्न होते. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडत नाही. मुलीच्या वडिलांनी तारीख धरून महिने झाले होते, खोल्या भरल्या होत्या, पत्रिका वाटल्या होत्या. लग्नाला दोन दिवस उरले असताना त्यांना मेल आला: फोटोग्राफर आमच्या यादीतला नाही, बाहेरचा आणायचा तर वेगळे शुल्क भरा, नाहीतर सामान आत येणार नाही. रात्री त्यांचा मला फोन आला. गृहस्थ ओशाळले होते. पैसे भरावेत की मला नको म्हणावे, हे त्यांना मलाच विचारावे लागत होते, आणि त्याचाच त्यांना संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी पैसे भरले. लग्नाच्या सकाळी मागच्या दाराच्या चौकीवर आमच्या प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर वहीत उतरवला गेला, बॅगांवर चिकटपट्ट्या लागल्या, मनगटावर प्लास्टिकचे पट्टे आले. नोंदीला माझी हरकत नाही. चोरी झाली तर ती आमच्याच उपयोगी पडेल. पण ही नोंद संपेपर्यंत आत हळद अर्ध्यावर आली होती.

यादी ठेवण्यामागचे तुमचे म्हणणे मला समजते. बाहेरून येणारी टोळी हिरवळीत खिळे ठोकते, तलावाकाठी वायरी पसरते, मद्य पिऊन गोंधळ घालते, आणि निस्तरावे तुम्हाला लागते. त्यासाठी अनामत घ्या, ओळखपत्रे मागा, विम्याचा कागद मागा, नुकसान झाले तर कापून घ्या. हे सगळे मी देईन. पण माझ्या येण्यावर शुल्क कशाचे? मी तुमची वीज वापरते म्हणावे तर माझे दिवे बॅटरीवर चालतात. आणि यादीतल्या फोटोग्राफरकडून जो वाटा घेतला जातो तो शेवटी त्याच्या दरात मिसळून घरच्यांच्याच खिशातून जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. दिल्लीहून येणाऱ्या मोठ्या लग्नाला तो आकडा जाणवत नसेल. बार्देश-डिचोलीतला बाप मुलीच्या हौशीसाठी कर्ज काढून किनाऱ्यावर लग्न करतो, त्याला जाणवतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक करारांची दखल घेतली आहे. कायद्याचा धाक घालायला मी हे लिहीत नाही. शुल्क घ्यायचेच ठरवले असेल तर ते पहिल्या दरपत्रकात, ठळक अक्षरांत असू द्या. माणसाला नको म्हणण्याची संधी असते तेव्हाच त्याला सांगा.

आणखी एक, सूर्यास्ताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लग्नांबद्दल. माहितीपत्रकात समुद्र, केशरी आकाश, फुलांची कमान. प्रत्यक्षात डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि मेच्या अखेरीस सातच्या सुमारास. साडेपाचला कमान उभी राहत असेल, सहाला वरात निघत असेल, तर डिसेंबरातले ते केशरी आकाश कोणाच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्या टोकाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहाला थांबवावा लागतो, आणि ते योग्यच आहे, शेजारी गाव झोपलेले असते. म्हणून दिवस आखतानाच महिन्यानुसार सूर्यास्ताची वेळ घरच्यांना सांगा आणि विधी त्याच्या तासभर आधी सुरू होईल असे बघा. संध्याकाळ हातातून गेली की सगळे विधी रात्री दहाच्या आत कोंबले जातात. मग कोणाचेच धड होत नाही, स्वयंपाकघराचेही नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि त्यांचे दिवस लग्नाच्या हंगामातच पडतात. समुद्राकडे रोखलेला प्रखर झोत पिल्लांना वाट चुकवतो. तिथे दिवे लावू नका असे सांगितले तर आम्ही आनंदाने लावणार नाही. पण ते मांडवात आल्यावर नको, घरच्यांना आधीच सांगा, म्हणजे किनाऱ्यावरच्या रात्रीच्या फोटोंची आशा कोणी लावून बसणार नाही. ड्रोनचेही तसेच. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोप्याचा विमानतळ 2023 पासून सुरू आहे, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनी आखलेल्या लाल पट्ट्यात सरकारी परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. दाबोळीजवळच्या बोगमाळोसारख्या ठिकाणी ‘ड्रोन चालेल’ असे तोंडी आश्वासन दिले जाते, आणि आम्ही नकार दिला की आम्हीच कामचुकार ठरतो. तुमची जागा कोणत्या पट्ट्यात येते हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर एकदा बघून ठेवा.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. देवळांच्या हॉलमध्ये आजवर मी उपाशी राहिले नाही. पंगत उठल्यावर का होईना, पानावर खतखते आणि मणगणे पडते, वाढणारा आग्रहाने वाढतो. मोठ्या ठिकाणी मात्र बारा-चौदा तास उभ्या असलेल्या मुलांना, त्यात माझे सहाय्यक, वायरमन, फुलवाले सगळे आले, बसायला खुर्ची आणि ताटभर जेवण कुठे मिळेल हे कोणीच सांगत नाही. एक खोली द्या, एक वेळ ठरवा. तिथेच कुलूप असलेले कपाट असेल तर उत्तम. मेमरी कार्डे आणि हार्डडिस्क गळ्यात बांधून दिवस काढणे कठीण असते, आणि ती हरवली तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

बाई म्हणून दोन शब्द. नवरीच्या खोलीत काम करायला आता बहुतेक घरांना बाईच हवी असते, त्यामुळे आमची संख्या वाढते आहे. त्या खोलीला आतून कडी लागते का, खिडकीला पडदा आहे का, तिथे हॉलचे पुरुष कर्मचारी न विचारता येतात का, याकडे जरा लक्ष द्या. आणि रात्री एक-दीडला सामान आवरून मी काणकोणहून किंवा मांद्र्याहून फोंड्याला निघते, तेव्हा गाडी मागच्या अंधाऱ्या आवारात, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे लावायला लावू नका. पाहुणे गेलेले असतात, पुढचे आवार रिकामे असते, तिथला दिवा आणखी अर्धा तास चालू राहू द्या.

आगीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र मी बंद करू शकत नाही. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या क्लबला आग लागली आणि 25 माणसे गेली, त्यातली बहुतेक तिथे कामाला असलेली. बाहेरच्या प्रांतांतून पोट भरायला आलेली मुले. त्या रात्रीनंतर बंद हॉलमध्ये जोडप्याच्या दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचे कारंजे उडताना मी बघते तेव्हा माझा हात थरथरतो. वर कापडाचा झालर लावलेला मांडव, भिंतीला थर्मोकोल, कोरडी फुले, सजावटीमागे झाकले गेलेले दार. ‘कोल्ड पायरो’ म्हटले म्हणून त्या ठिणग्या थंड नसतात, त्यांनी कापड पेटू शकते. घरच्यांना तो फोटो हवा असतो हे खरे, पण नाही म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही नाही म्हटले तर आम्ही सगळे फोटोग्राफर तुमच्या बाजूने बोलू. छपराखाली ठिणग्या नकोत. बाहेर पडायची दारे सजावटीने झाकू नका, त्यांना कुलूप लावू नका. आणि काम सुरू करण्यापूर्वी आम्हाला, केटरिंगच्या मुलांना, वाजंत्र्यांना ती दारे एकदा दाखवा. पाहुणे मुख्य दरवाजाने येतात, त्यांना तो ठाऊक असतो. आम्ही मागच्या गल्ल्यांत वावरतो.

राहिले फोटोंचे. लग्न झाले की तुमच्याकडून निरोप येतो, चार चांगले फोटो पाठवा, पेजवर टाकायचे आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्याचे, 1957 च्या, कलम 17 असे सांगते की वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक ते काढून घेणारेच. म्हणजे आमच्या बाबतीत लग्नघर. तेव्हा मुलीला विचारा, मुलाला विचारा. त्यांनी होकार दिला तर मी फोटो पूर्ण आकारात पाठवीन, खाली माझे नाव घातले तर बरे वाटेल. पण सासरी नुकत्याच गेलेल्या मुलीला तिचा हळदीतला फोटो एखाद्या जाहिरातीत अचानक दिसावा, असे होऊ नये.

हे सगळे एका दिवसात बदलेल असे मला वाटत नाही. उजेडाचे मात्र या हंगामाआधी होऊ शकते, आणि त्यासाठी मी व माझ्या ओळखीतले इतर छायाचित्रकार वेळ द्यायला तयार आहोत, मोबदला न घेता. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत हॉल बरेच दिवस रिकामे असतात. त्यातला एक दिवस कळवा. आम्ही कॅमेरे, लाईट मीटर आणि तुमच्याच स्टेजवर काढलेले गेल्या हंगामातले फोटो घेऊन येऊ. कोणता दिवा ठेवायचा, कोणता फिरवायचा, कोणत्या दिव्याने पट्टे येतात, हे पडद्यावर लगेच दिसेल. तुमच्या वायरमनलाही त्या दिवशी थांबायला सांगा, निम्मे काम तिथल्या तिथे होऊन जाईल. सकाळी दहाच्या सुमारास बोलावलेत तर बरे, म्हणजे दुपारी बाराचे ऊन दारातून स्टेजवर कुठपर्यंत येते तेही पाहून घेता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
लग्नांचे फोटो काढणारी एक छायाचित्रकार
फोंडा, गोवा